दादाचा रनर

सामना जिंकून देणारी खेळी कशाला म्हणायचं, यावर दादाचं एक ठरलेलं भाषण होतं. विचारणारा कोणीही असो, घरी दाढी करायला येणारा न्हावी असो की रक्त घ्यायला आलेली मुलगी असो, दादा आधी घसा खाकरायचा, उजवा हात वर करायचा आणि सुरू व्हायचा.

"शतकाचं काय घेऊन बसलात? सपाट खेळपट्टीवर, बॉलर दमलेले असताना, शतक माझी बायकोसुद्धा ठोकेल."

"येऊ का ठोकायला?" आतून वहिनीचा आवाज यायचा.

दादा तिकडे साफ दुर्लक्ष करायचा. "कसोटीत आधी बघायचं, दिवस कितवा. पाचव्या दिवशी खेळपट्टी अशी फुटलेली असते की आपण कुठे वळणार ते बॉललाही ठाऊक नसतं. मग बघायचं, समोर बॉलर कोण, आणि ताजा आहे की जीभ बाहेर आलेली आहे. मग आपल्याकडचं दुसऱ्या टोकाला कोण उरलंय. खंडीभर धावा करून हरलेली माणसं मी पाहिलीत, आणि जेमतेम चाळीस करून मॅच काढलेलीही पाहिलीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोडलेस किती? मारलेल्या बॉलला टाळ्या पडतात रे. मॅच काढून देतात ते सोडलेले बॉल."

न्हावी वस्तरा हातात तसाच धरून ऐकत राहायचा. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला धाकटा मान डोलवायचा, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त एक गोष्ट दादा कधी सांगायचा नाही. धावलं कोण?

धाकट्याचं वय विचाराल तर सत्तरी उलटून गेली होती. पण एकदा माणूस कोणाचा तरी धाकटा झाला की मरेपर्यंत धाकटाच राहतो. संघात धाकटा, गल्लीत धाकटा, बँकेतल्या बाईसाठीसुद्धा 'ते धाकटे'. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याला आयुष्यात फक्त एक गोष्ट हवी होती, आणि ती फुकट मिळण्यासारखी होती. दादाच्या तोंडून, एकदा, चारचौघांत ऐकायचं होतं की त्या दिवशी माझ्यासाठी हा धावला, आणि हा ओरडला म्हणून आपण जिंकलो. बस्स. जगाने म्हणावं असंही नव्हतं. दादाने म्हणावं एवढंच.

तर तो दिवस सांगायलाच हवा, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दोघे भाऊ एकाच कसोटीत खेळले, ती एकच कसोटी. दादा तेव्हा संघात मुरलेला, आणि धाकट्याचा पहिलाच सामना. पहिल्या डावात धाकटा शून्यावर गेला. दुसऱ्या डावात म्हटलं आता तरी काही दिवे लावेल, तर तेव्हाही शून्य. दुसऱ्यांदा तर बॉल असा खाली राहिला की कोणीही बाद झाला असता, पण फळ्यावर शून्याशेजारी कोणी तसं लिहीत नाही. धाकटा आत येऊन कोपऱ्यात बसला, टॉवेल डोक्यावरून घेऊन. पॅड सोडायचंही त्याला सुचलं नाही.

त्याच वेळी दादाला खेळायला जायचं होतं, आणि दादाला चालता येत नव्हतं. आदल्या दिवशी बॉल अडवताना त्याच्या मांडीचा स्नायू फाटला होता. त्या काळी सोय होती, फलंदाज जखमी असेल तर त्याने उभं राहून नुसतं मारायचं, आणि दुसऱ्या कोणीतरी त्याच्या वतीने धावायचं. तो रनर. आता मोठ्या सामन्यांत ही सोय राहिलेली नाही. रनर व्हायचं तर तोही पॅड, ग्लोव्ह, सगळा सरंजाम बांधून, हातात बॅट घेऊन जाणार. फक्त त्या बॅटने बॉल मारायचा नाही. आणि रनर शक्यतो असा घ्यायचा की ज्याची स्वतःची बॅटिंग होऊन गेलेली आहे.

कॅप्टनने खोलीभर नजर फिरवली आणि टॉवेलखालच्या माणसावर थांबवली. "तू जा. तुझं झालंय नाहीतरी."

खोलीत कोणीतरी हसलं. धाकट्याच्या काळजात ते वाक्य जे रुतलं ते रुतलंच. पण पॅड पायात होतेच, तेवढा वेळ वाचला.

मग दिवसभर दादा खेळला आणि धाकटा धावला. दादा बॉल मारणार, 'हो!' म्हणून ओरडणार, आणि बाजूला, स्क्वेअर लेगच्या अंपायरशेजारून, धाकटा सुटणार. चौकार थोडेच होते. त्या खेळपट्टीवर एकेक धाव वेचूनच घ्यावी लागत होती, आणि वेचणारे पाय धाकट्याचे होते. पलीकडून माणसं पडत गेली. शेवटी उरला उंट. उंट म्हणजे संघातला वेगवान बॉलर, ताडमाड उंच. बॅट अशी धरायचा की वाटावं, अंगण झाडायला निघालाय. त्याला एखादा नीट बॉल पडला की खेळ खल्लास. मग एकच उपाय होता. दादाने ओव्हरभर स्वतः खेळायचं आणि शेवटच्या बॉलवर एक धाव काढून पलीकडे जायचं, म्हणजे पुढची ओव्हरही त्याच्याच वाट्याला. ऐकायला सोपं आहे. पण ती एक धाव सगळ्या मैदानाला ठाऊक असते, अकराच्या अकरा जण ती अडवायला पुढे सरकलेले असतात, आणि तरीही ती चोरायची. ओव्हरमागून ओव्हर धाकट्याने ती चोरली. घशाला कोरड, पायात गोळे, आणि पोटात ती दोन शून्यं.

दोन धावा हव्या होत्या तेव्हा दादाने बॉल बाजूला ढकलला आणि 'हो!' म्हणाला. आणि काय झालं कोणास ठाऊक, दिवसभर खांबासारखा उभा राहिलेला माणूस स्वतःच धावत सुटला! विसरला. मांडी फाटलेली विसरला, रनर आहे हे विसरला. विजय दिसला की माणसाचं असं होतं. आता गंमत अशी की रनर असताना जखमी माणूस स्वतः रेषेबाहेर गेला आणि त्याच्या मागच्या यष्ट्या उडाल्या, तर तो बाद. रनर कुठेही असो. उंट पलीकडून निघालेला, दादा अलीकडून लंगडत सुटलेला, फील्डरच्या हातात बॉल आलेला.

धाकटा धावलाच नाही. तो जागच्या जागी उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "थांब, दादा! मागे फिर!"

दादा फिरला. फिरला म्हणजे उलटा कोसळला, आणि बॅटचं टोक रेषेच्या आत पडलं तेवढ्यात यष्ट्या उडाल्या. उंटही धडपडत मागे पोचला. अंपायरने मान हलवली. नाबाद.

पुढची गोष्ट जगाला माहीत आहे. दोन धावांतली एक निघाली, मग राहिलेली एक. दादाने बॉल हलकेच मागे सरकवला, 'हो!' म्हणाला, आणि धाकट्याने ती शेवटची धाव पुरी केली. पलीकडच्या रेषेत बॅट टेकवून तो उभा राहिला आणि मागे वळून बघितलं, तर सगळं मैदान दादाभोवती गोळा झालेलं. दादा खांद्यांवर. ब्याण्णव नाबाद. धाकट्यापाशी एकटा अंपायर होता. तो टोपी काढून घाम पुसत म्हणाला, "बसा जरा, पडाल." धाकटा तिथेच खेळपट्टीवर बसला.

त्यानंतर त्याला कोणी संघात घेतलं नाही. कोण घेणार? पुस्तकात दोन शून्यं, आणि धावलेल्या धावा दादाच्या नावावर. नियमच तसा आहे, त्यात कोणाची लबाडी नाही. धाकट्याने खेळाच्या सामानाचं दुकान टाकलं. बॅटच्या मुठीवर रबर चढवायचं, रॅकेटला तार ओढायची, फुटबॉलचं पंक्चर काढून द्यायचं. हात चांगला होता, दुकान चाललं. दादाला मानसन्मान मिळाले, हार मिळाले, एका चौकाला त्याचं नावही मिळालं. आणि ती खेळी तो सांगत राहिला. "मग मी भान ठेवून मागे फिरलो," असं तो म्हणायचा. दर वेळी धाकट्याला वाटायचं, आता म्हणेल. दर वेळी राहून जायचं.

धाकट्याच्या बायकोला याचा भयंकर राग. "अहो, पण एकदा विचारा ना तोंडावर! भाऊच आहे ना?"

"मागून घेतलेलं काय कामाचं?" धाकटा म्हणायचा आणि तार ओढायला बसायचा.

मग दादाला झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण राहिलं. गेला तो डावा पाय. डॉक्टरांनी बजावलं होतं की हात, पाय, बोलणं, सगळं हळूहळू बघू, पण हे एकटे उठता कामा नयेत. पडले तर खुबा मोडेल, आणि या वयात खुबा मोडला की पुढचं मी सांगायला नको.

पण दादा विसरायचा. हे त्या आजाराचंच एक अंग होतं म्हणे. पाय नाही हे त्याला ठाऊक असायचं आणि ऐन वेळी नसायचं. खिडकीशी पाखरू आलं, दाराची बेल वाजली, टीव्हीवर कोणी बॉल हवेत मारला, की खुर्चीच्या हातावर उजवा हात रोवून दादा पुढे झुकलाच. सकाळी वहिनी सांभाळायची. दुपारी दुकान बंद करून धाकटा यायचा, स्टूल ओढून समोर बसायचा, आणि दादा झुकला की म्हणायचा, "थांब, दादा."

दादा थांबायचा. तिथल्या तिथे. मग मागे रेलून हसायचा, अर्ध्या तोंडाने. "अंपायरला सांग, रनर पाहिजे."

"या वयात कोण धावणार तुझ्यासाठी?"

"तूच. तुझं झालंय नाहीतरी."

दोघेही हसायचे. ते जुनं वाक्य दादाच्या तोंडून ऐकताना धाकट्याला टोचायचं नाही, उलट बरंच वाटायचं. निदान एवढं तरी त्याला आठवतंय म्हणायचं.

वहिनी कपाळाला हात लावायची. "भावजी, मी 'थांबा, थांबा' करून घसा फोडते, तर हे ढिम्म ऐकत नाहीत. धरून बसवावं लागतं. तुम्ही नुसतं म्हटलं की गार. काय जादू केलीत?"

"जादू कसली? मोठ्या आवाजाची सवय," धाकटा म्हणायचा. मनातून तो सुखावायचा.

असं चाललं होतं, आणि एक दिवस रेडिओवाली आली. हुशार, चुणचुणीत पोरगी. कसोटीतल्या गाजलेल्या खेळींवर ती कार्यक्रम करत होती आणि तिला हाच प्रश्न विचारायचा होता, खेळी सामना जिंकून देणारी होते ती कशाने. धाकट्याच्या बायकोने त्या दिवशी त्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. "आवाजच जाणार आहे हो, शर्ट नाही," तो म्हणाला. "असू दे. आज तरी तुमचं नाव निघेल. आजारी माणसाचं मन हळवं होतं," ती म्हणाली. आणि धाकट्यालाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोला? जाताना त्याने आरशात बघून भांगही पाडला.

रेडिओवालीने टेबलावर यंत्र ठेवलं. दादाने घसा खाकरला, हात वर केला. जीभ जड होती, मध्ये मध्ये धाप लागत होती, पण भाषण तेच. दिवस कितवा, बॉलर कोण, दुसऱ्या टोकाला कोण उरलंय, सोडलेस किती. धाकटा स्टुलाच्या कडेवर आला होता. दादा त्या शेवटच्या तासापाशी पोचला. उंटाची नक्कल केली, रेडिओवाली हसली. मग तो बॉल आला. "मी ढकलला, आणि सुटलो," दादा म्हणाला, आणि सांगता सांगता उजवा हात रोवून पुढे झुकला. खुर्ची करकरली.

"थांब, दादा!"

दादा थांबला. रेडिओवालीने यंत्राचं बटण दाबलं. गोडच बोलली बिचारी. "काका, तुम्ही जरा मध्ये बोलू नका हं. आवाज येतो त्यात. नंतर काढून टाकायला त्रास होतो."

"बरं," धाकटा म्हणाला.

बटण पुन्हा दाबलं गेलं. "मग तुम्ही मागे कसे फिरलात?" तिने विचारलं.

दादाने डोळे मिटले. मग म्हणाला, "आतून आवाज आला. थांब म्हणून."

"वा!" रेडिओवाली म्हणाली. "आतला आवाज!"

आतून? धाकट्याच्या अंगाची लाही लाही झाली. आतून कुठला, गाढवा, स्क्वेअर लेगवरून आला होता! माझ्या या गळ्यातून आला होता! आजवर निदान 'भान ठेवून' म्हणत होतास, आता माझा आवाजही तुझाच झाला? पण यंत्र चालू होतं. तो मध्ये बोलला नाही. रेडिओवाली गेल्यावर चहाचा कप तसाच ठेवून तो उठला. दादा मागून म्हणाला, "उद्या ये लवकर. मॅच आहे टीव्हीवर." धाकट्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दुकान बंद केलं नाही. वहिनीला निरोप पाठवला की रॅकेटींचं काम आलंय, आज जमायचं नाही. काम आलं होतं हे खरं, पण ते आठवडाभर थांबलं असतं तरी चाललं असतं. बायको डबा घेऊन दुकानात आली तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"बरं केलंत," ती म्हणाली. "एक दिवस कळू दे त्यांना. आतून आवाज येतो ना? मग आज काढा म्हणावं आतून."

तो हसला. तार ओढत राहिला. एका बाजूने ताण जास्त बसला आणि रॅकेटची चौकट किंचित वाकली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. ती उकलून त्याने पुन्हा पहिल्यापासून घेतली. तेवढ्यात वहिनीच्या शेजारणीचा फोन आला.

खुबाच मोडला होता.

हॉस्पिटलच्या बाकावर वहिनी बसली होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला. धाकट्याला बघून तिला रडू फुटलं. "मी आत होते हो भावजी. पाणी घ्यायला गेले, तेवढंच. टीव्हीवर मॅच चालू होती. मला त्यांचा आवाज आला. 'हो!' म्हणाले. मोठ्याने म्हणाले, पूर्वी म्हणायचे ना, अगदी तसं. मी तिथूनच ओरडले, अहो थांबा. पण माझ्या सांगण्याने ते कधी थांबलेत? आणि मग धाडकन आवाज झाला."

धाकटा तिच्याशेजारी बसला. तिला वाटत होतं चूक तिची. तो तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिला, वहिनी, तुमची नाही हो, तुमची नाही. कोणाची ते सांगायला त्याची जीभ रेटेना. पलीकडे भिंतीला टेकून त्याची बायको उभी होती. ती खाली मान घालून पदराचं टोक नुसतं पिळत होती.

ऑपरेशन झालं. ते नीट झालं असं डॉक्टर म्हणाले. पण पडून राहण्याने छातीत कफ भरला आणि ताप चढला. दादा अर्धा शुद्धीत, अर्धा कुठेतरी मैदानात. कधी ओव्हर संपली का विचारायचा, कधी पॅड सोड म्हणायचा. पायात पॅड नव्हते, तरी धाकटा खाली वाकून हाताने सोडल्यासारखं करायचा. मग त्याला बरं वाटायचं.

एका सकाळी दादा स्वच्छ जागा झाला. डोळे नेहमीचे. नळी नाकात, पण नजर धाकट्यावर स्थिर. धाकट्याने खुर्ची जवळ ओढली.

"धाकट्या."

"हां, दादा."

"ओरडला नाहीस?"

दादाच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं. त्याला खरंच कळत नव्हतं, तो फक्त विचारत होता.

"मी हो म्हटलं," दादा एकेक शब्द ओढत म्हणाला. "तू थांब म्हटलं नाहीस. मला वाटलं, आहे रन."

धाकट्याला रडू आवरेना. त्याने दादाचा उजवा हात दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला. "मी नव्हतो रे दादा. मी आलोच नव्हतो. रुसून बसलो होतो तुझ्यावर, म्हातारा होऊन. आतून आवाज आला म्हणालास म्हणून."

दादाने हे ऐकलं का, कळायला मार्ग नाही. जरा वेळाने त्याच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. "तुझाच तो," तो म्हणाला. "तो काय आता बाहेरचा राहिलाय?"

एवढं बोलून तो दमला आणि झोपला. जे ऐकायला धाकटा जन्मभर थांबला होता ते त्याला मिळालं होतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि ते हातात घेऊन आता करायचं काय, हेही त्याला कळत नव्हतं. दादा त्यानंतर नीट जागा झालाच नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

पंधरवडा उलटल्यावर रेडिओवाली दुकानात आली. दादा गेला म्हणून तिला कार्यक्रम वाढवायचा होता, जवळच्या माणसांचे चार शब्द हवे होते. खरंच वाईट वाटत होतं तिला. धाकट्याने काउंटरवरचे रबराचे तुकडे बाजूला सारून यंत्राला जागा करून दिली.

"काका, त्या दिवशीचं रेकॉर्डिंग फार छान आलंय," ती म्हणाली. "मध्ये तुमचा आवाज होता तेवढा काढून टाकला. आता कुठे कळतसुद्धा नाही."

"बरं केलंस, बाळा."

तिने बटण दाबलं. "तुम्हीही त्या सामन्यात खेळला होतात ना? तुमच्या धावा किती?"

"शून्य. दोन्ही डावांत."

तिला जरा ओशाळल्यासारखं झालं. तिने घाईने पुढचा प्रश्न विचारला. "तुमच्या मते ती खेळी सामना जिंकून देणारी कशामुळे झाली?"

धाकट्याने घसा खाकरला. दादाचंच भाषण त्याने म्हणून दाखवलं, शब्द न् शब्द. दिवस पाचवा, खेळपट्टी फुटलेली. बॉलर ताजा. दुसऱ्या टोकाला उंट. आणि सोडलेले बॉल. बायकोसुद्धा शतक ठोकेल हा विनोदही केला आणि रेडिओवाली डोळे पुसत हसली.

"आणखी काही?"

काउंटरवर एका बॅटची मूठ अर्धी रबर चढवून पडली होती, ती धाकट्याने उगाच हातात घेतली.

"दादाला ना, विजय दिसला की भान राहायचं नाही," तो म्हणाला. "धावत सुटायचा. पाय असो नसो. त्याला थांब म्हणायला कोणीतरी लागायचं."

रेडिओवाली वाट बघत राहिली. "मग?"

"त्या दिवशी मी होतो."